उतरलेले वजन टिकवण्याविषयी

मुळाकाठ

२०१८ च्या दसऱ्याला माझे वजन ७८ किलो होते आणि पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला ते ६२ किलो झाले. त्या सोळा किलोंचे त्या वर्षी भरपूर कौतुक झाले. कार्यालयातल्या मैत्रिणींनी आहाराचा तक्ता मागून नेला, लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनी आधी ओळखलेच नाही असे सांगितले. त्यानंतरच्या सहा वर्षांत मात्र हे वजन कसे सांभाळले, असे मला एकानेही विचारलेले नाही. माझ्या मते खरे काम याच सहा वर्षांत झाले आणि ते वजन उतरवण्यापेक्षा अधिक अवघड होते, म्हणून हा धागा काढत आहे.

वजन कसे उतरवावे यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, यावरून एकाच घरात दोन पक्ष पडलेले मी पाहिले आहेत. त्यातल्या कोणत्याही मार्गाने वजन उतरते हेही मी पाहिले आहे, कारण काही महिने नेटाने कमी खाल्ले की वजन उतरतेच. प्रश्न त्यानंतरचा आहे. उतरवण्याच्या काळात दर आठवड्याला काट्यावर बक्षीस मिळते. टिकवण्याच्या काळात वर्षभर कष्ट करून काटा जागचा हलत नाही आणि तो न हलणे हेच यश असते. या दुसऱ्या कामाची तयारी माझ्याकडून कोणी करून घेतली नव्हती आणि त्याची किंमत मी मोजली.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे घरून काम होते. त्या काळात माझे वजन ६७.५ किलोंवर गेले. एखाद्या महिन्यात काही विशेष खाल्ले, असे घडले नाही. चौदा महिने महिन्याला सरासरी चारशे ग्रॅम, इतक्या शांतपणे ते वाढले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात असे धरले, तर ही वाढ ढोबळ हिशेबाने दिवसाला शंभर कॅलरींची होते, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून तेल. एवढीशी गोष्ट पोटाला कळत नाही आणि जिभेला तर मुळीच कळत नाही. ती मोजल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून एका रविवारी मी मोजायला बसले. आमच्याकडे फोडणीचे तेल सासूबाईंच्या जुन्या पितळी पळीने घातले जाते. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर मिलिलिटरच्या रेषा असतात, त्या टोपणाने मी ती पळी भरून पाहिली, तर ती बरोबर वीस मिलिलिटरची निघाली. भाजीला एक, आमटीला एक आणि कोशिंबिरीला एक अशा तीन पळ्या, आणि हे फक्त सकाळच्या स्वयंपाकाचे. पोळ्यांना लावायचे तेल निराळेच. सासूबाईंना मी आकडे सांगितले नाहीत, त्यांच्यासमोर ते तेल काचेच्या पेल्यात ओतून फक्त दाखवले. त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला, काहीच बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीपासून पळी अर्धी भरू लागल्या. चार माणसांच्या आमच्या घरात महिन्याला पाच लिटर लागणारे तेल त्या दिवाळीपर्यंत तीन लिटरवर आले, आणि भाजीची चव बिघडल्याची तक्रार कोणी केली नाही.

वाढलेल्यातले साडेचार किलो उतरायला मला पुढे अकरा महिने लागले. तेव्हापासून मी काही गोष्टी धरून ठेवल्या आहेत. शनिवारी सकाळी उठल्यावर वजन करते आणि कॅलेंडरच्या त्याच चौकोनात पेन्सिलीने लिहिते. ६४.५ किलो ही माझी वरची रेघ आहे. ती ओलांडली, तर पुढच्या सोमवारची वाट न पाहता त्याच दिवसापासून ठरलेल्या तीन गोष्टी सुरू होतात: रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद आणि रोजच्या चालण्यात पंधरा मिनिटांची भर. गेल्या चार वर्षांत ही वेळ तीनदा आली. कितीही आत्मविश्वास असला तरी ही रेघ आधी ठरवलेली असावी, कारण वजन वाढत असताना ठरवायला बसले की मन ती रेघ आणखी वर सरकवते.

आपल्यापैकी ज्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ वजन टिकवले आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि ज्यांचे परत वाढले त्यांनी तर अवश्य लिहावेत.

निशिगंधा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझी कथा परत वाढलेल्यांची आहे. तीन वर्षांपूर्वी ८१ वरून ६९ किलोंवर आले. त्यानंतरही तोच आहार आणि तेच चालणे चालू ठेवले होते, तरी सात-आठ महिन्यांनी वजन थांबले आणि मग हळूहळू चढू लागले. आज ते ७७ आहे. घरचे म्हणतात की तू चोरून खात असशील. खरे सांगायचे तर पुढेपुढे मला भूकच फार लागू लागली होती. जेवून उठले तरी पोट भरल्यासारखे वाटत नसे. माझ्यात चिकाटी नाही, असाच याचा अर्थ मी घेतला आणि प्रयत्न सोडून दिले. वय ५१ आहे, पाळी थांबून दीड वर्ष झाले. चयापचय मंदावल्यामुळे हे झाले असेल का?

मुळाकाठ

निशिगंधाताई, चोरून खाण्याचा आरोप मीही ऐकला आहे आणि तो किती लागतो हे मला ठाऊक आहे. आपल्या प्रश्नावर मी गेल्या काही वर्षांत जे वाचले, ते सविस्तर सांगते, कारण ते समजल्यावर माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

वजन उतरले की शरीर त्याला संकट समजते आणि दोन बाजूंनी विरोध करते. पहिली बाजू खर्चाची आहे. शरीर लहान झाल्यामुळे त्याला कमी ऊर्जा लागते, हे स्वाभाविकच आहे. पण हिशेबाने जेवढी कमी लागायला हवी, त्याहूनही ते खर्च कमी करते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्या चौदा स्पर्धकांची केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पर्धेत त्यांचे सरासरी ५८ किलो वजन उतरले होते आणि त्यातले ४१ किलो परत आले होते. तरीही त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या वेळचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता. हे टोकाचे उदाहरण आहे, आपल्यासारख्यांच्या बाबतीत परिणाम पुष्कळ सौम्य असतो, पण दिशा तीच असते.

दुसरी बाजू भुकेची आहे आणि माझ्या मते तीच अधिक भारी पडते. मधुमेहाच्या एका औषधाने रोज काही साखर लघवीवाटे निघून जाते आणि घेणाऱ्याला ते जाणवत नाही. अशा लोकांचे वजन आणि खाणे वर्षभर पाहून याच संशोधकाच्या गटाने असा अंदाज काढला, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे माणसाची भूक दिवसाला सुमारे शंभर कॅलरींनी वाढते, तर खर्चातली घट त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकी असते. ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक वाढवणारे आणि तृप्ती देणारे संप्रेरक बदलले, आणि वर्ष उलटून गेले तरी ते पूर्वपदावर आलेले नव्हते. जेवून उठल्यावरही पोट भरल्यासारखे वाटत नाही, असे आपण लिहिले आहे, ते याचेच वर्णन आहे. चिकाटी नसलेल्या माणसाला ते जाणवते आणि असलेल्याला जाणवत नाही, असे अजिबात नाही.

वयाविषयी सांगायचे, तर सहा हजारांहून अधिक लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचे प्रमाण लक्षात घेतले, तर वीस ते साठ या वयात चयापचय जवळजवळ स्थिर राहते, असे त्यात आढळले. पाळी थांबण्याच्या सुमारासही निराळी घट दिसली नाही. या वयात बदलते ते असे, की स्नायू घटतात, झोप मोडते, हालचाल कमी होते आणि चरबी पोटाकडे साठू लागते. यातल्या पहिल्या तीन गोष्टींवर काही करता येते. मात्र थायरॉइडची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. काही औषधांनीही वजन वाढते, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद मात्र करू नये.

रानभाजी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. धागाकर्तीने भुकेविषयी जे लिहिले आहे, त्याला स्वयंपाकघराच्या बाजूने पुरवणी जोडते.

वजन उतरल्यानंतरची भूक आवरायची असेल, तर ताटात प्रथिने आणि चोथा यांना पर्याय नाही, आणि आपले शाकाहारी मराठी ताट नेमके प्रथिनांत कमी पडते. पुष्कळ घरांत वरण म्हणजे प्रथिने असा समज असतो. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ वीस-पंचवीस ग्रॅमच असते, म्हणजे त्यातून जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. ६२ किलोंच्या माणसाला ती सुमारे ५१ ग्रॅम होते. दोन वेळच्या वरणाने ही गरज भागत नाही. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता मोठी वाटी भरून घ्यावी, पिठले घट्ट करावे, ताकाऐवजी दही घ्यावे, चालत असेल त्यांनी अंडी किंवा मासे घ्यावेत. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास प्रथिने असतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज प्रथिने वाढवू नयेत.

शेंगदाण्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दाण्याच्या कुटात प्रथिने चांगली असतात, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी येतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. हे दोन्ही तुपात एकत्र आले, की एकादशी दुप्पट खाशी ही म्हण अक्षरशः खरी होते. उपवास करायचाच असेल, तर वऱ्याचे तांदूळ थोडे आणि दही-काकडी भरपूर, अशी वाटणी माझ्याकडे येणाऱ्यांना झेपते.

वाईकर

थोडे निराळे लिहितो. मी आयुष्यभर बारीकच आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २२ आहे, आणि तरी चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पोटाचा घेर मोजला तर ९४ सेंटिमीटर भरला. हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे, या शरीराला निरोगी वजनाचे म्हणायचे का, हा माझा प्रश्न आहे.

मुळाकाठ

वाईकर, आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो, आणि त्यावरचे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोंच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत खूप मागे, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नव्हती. बारीक दिसणारा, पण आत चरबी बाळगणारा भारतीय ही कल्पना तिथून पुढे आली. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

यामुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे, म्हणजे ६२ किलोंनाही माझा बीएमआय २४.८ येतो. मीदेखील त्या २३ च्या रेघेत बसत नाही, ही गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ५७ किलोंवर जाण्याचा मी एकदा प्रयत्न केला. ५९ ला पोहोचले तेव्हा दिवसभर फक्त जेवणाचेच विचार येत आणि घरात माझी चिडचिड सगळ्यांना सोसावी लागे. रक्तातली साखर, रक्तदाब आणि घेर सगळे जागेवर असल्याचे पाहून माझ्या डॉक्टरांनी सांगितले, की जे वजन सांभाळत तुम्ही नीट जगू शकता, तेच धरून ठेवा. आपल्या बाबतीत काट्यापेक्षा टेप महत्त्वाचा आहे, आणि वजन आणखी उतरवण्यापेक्षा स्नायू वाढवण्याची गरज अधिक दिसते. अर्थात हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

अर्धविराम

धागा उपयुक्त आहे हे मान्य करूनही मला एका मुद्द्यावर तीव्र आक्षेप नोंदवायचा आहे. दर आठवड्याला वजन करा, रेघ आखा, ओलांडली की भात बंद, हे वाचताना मला भीती वाटली. मी एकोणिसाव्या वर्षी दिवसातून चार वेळा वजन करत असे. वसतिगृहाच्या खोलीत काटा माझ्या पलंगाखाली असे आणि पाणी पिण्याआधी व प्यायल्यानंतर मी त्यावर उभी राहत असे. पुढे पाळी थांबली, केस गळाले, दोन वर्षे उपचार घ्यावे लागले. आज तेरा वर्षांनी माझ्या घरात काटा नाही आणि तो कधी येणारही नाही. वजन टिकवण्याचा सल्ला सरसकट देताना ऐकणाऱ्यांत माझ्यासारखी एखादी मुलगी असू शकते, याचे भान राहावे एवढीच विनंती आहे.

मुळाकाठ

आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारते आणि मूळ लेखात हे लिहायला हवे होते, हेही मान्य करते. ज्यांना खाण्याचा विकार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी काट्याची पद्धत वापरू नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींना तर पालकांनी दर आठवड्याला काट्यावर उभे करूच नये. काटा एखाद्याच्या हातात साधन असतो आणि दुसऱ्याच्या हातात शस्त्र होतो, हे मी आपल्यामुळे आज नीट पाहिले.

साप्ताहिक वजनाला मी इतके महत्त्व का दिले, तेही सांगते. अमेरिकेत १९९४ मध्ये रेना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदणी सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो उतरवून ते किमान वर्षभर टिकवलेल्या लोकांची नावे तीत घेतली जातात. असे दहा हजारांहून अधिक लोक तीत आले. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि बहुतेक जण दिवसाला सरासरी तासभर चालणे किंवा तत्सम व्यायाम करतात. ही यशस्वी झालेल्यांची, स्वतःहून पुढे आलेल्यांची यादी आहे, त्यामुळे या सवयींमुळेच वजन टिकले असे त्यातून सिद्ध होत नाही. पण त्याच नोंदणीतले एक निरीक्षण मला आजही धीर देते: दोन ते पाच वर्षे वजन टिकले, की पुढेही ते टिकण्याची शक्यता बरीच वाढते. निशिगंधाताई, पुन्हा प्रयत्न कराल तेव्हा पहिली दोन वर्षे हाच खरा घाट आहे असे समजून निघावे.

पाळीबदल

चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीत पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये बटाटेवडा किंवा तेलकट पोहे असतात, झोप येऊ नये म्हणून चार-पाच कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. सकाळी घरी आलो की भरपेट जेवून झोपतो. नऊ वर्षांत १४ किलो वाढले. तासभर चालणे वगैरे वाचायला छान वाटते, पण कंपनीच्या बसमध्येच रोज अडीच तास जातात. आमच्यासारख्यांनी काय करावे?

रानभाजी

पाळीबदल, आपली अडचण खरी आहे आणि तिच्यावर चुटकीसरशी उपाय नाही. माझ्याकडे आपल्यासारखे बरेच जण येतात. त्यांना मी आधी चहाचा हिशेब करायला सांगते: पाच कप, दहा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी, आणि यात दूध धरलेले नाही. साखर एकदम बंद न करता दर आठवड्याला प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी केला, तर महिन्याभरात जीभ जुळवून घेते. दुसरे म्हणजे रात्रपाळीचे मुख्य जेवण निघण्यापूर्वी घरी करावे आणि पहाटेसाठी डबा न्यावा, त्यात उसळ आणि एखादी भाकरी, किंवा दोन उकडलेली अंडी आणि फळ. पहाटे तीनला रिकाम्या पोटी कॅन्टीनच्या रांगेत उभे राहून वड्याला नाही म्हणणे ही कोणाच्याही आवाक्यातली गोष्ट नाही, म्हणून ती वेळ येऊच देऊ नये. सकाळी घरी आल्यावर हलके खाऊन झोपावे.

चालण्यासाठी सलग तास मिळालाच पाहिजे असे नाही. बसच्या दोन थांबे आधी उतरणे, जेवणाच्या सुट्टीत शेडला दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी उठाबशा व जोर. आठवड्याला दीडशे मिनिटे ही सुरुवातीची पायरी धरावी. वजन टिकवण्यासाठी पुढे दोनशे ते तीनशे मिनिटे लागतात, पण तो आकडा आज डोळ्यांपुढे ठेवू नका.

मुळाकाठ

वरच्या उत्तरात व्यायामाविषयी एक भर घालते. ज्या चौदा स्पर्धकांविषयी मी आधी लिहिले, त्यांच्यातही काहींनी वजन बऱ्यापैकी टिकवले होते. त्यांची शारीरिक हालचाल सहा वर्षांनंतरही स्पर्धेच्या आधीपेक्षा सुमारे १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचे वजन परत आले त्यांची ३४ टक्क्यांनी. वजन उतरवताना ताटाचा वाटा मोठा असतो आणि टिकवताना पायांचा वाटा वाढतो, असे मला स्वतःच्या अनुभवावरूनही वाटते.

घाटमाथा

मी सध्या भूक कमी करणारे सेमाग्लुटाइडचे साप्ताहिक इंजेक्शन घेत आहे. दहा महिन्यांत ११ किलो उतरले, आयुष्यात पहिल्यांदाच जेवणाचा विचार मनातून गेला. खर्च झेपत नाही म्हणून ते बंद करण्याचा विचार आहे. या धाग्यावरच्या लोकांना ही पळवाट वाटते का?

मुळाकाठ

मला मुळीच पळवाट वाटत नाही. वर भुकेविषयी जे लिहिले आहे, ते खरे मानले, तर भूक शांत करणारे औषध घेणे हा चष्मा लावण्याइतकाच सरळ उपाय आहे. मात्र बंद करण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असावी. या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत लोकांचे वजन सरासरी १७ टक्क्यांनी उतरले होते. औषध थांबवल्यावर एका वर्षात त्यातला दोन तृतीयांश भाग परत आला. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो, तसेच हे आहे. म्हणून एकाएकी बंद न करता मात्रा आणि वेळापत्रक याविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि भूक शांत असण्याचा हा काळ प्रथिने व वजन उचलण्याचा व्यायाम अंगवळणी पाडण्यासाठी वापरावा, कारण उतरलेल्या वजनात स्नायूही गेलेले असतात.

निशिगंधा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. भुकेविषयीचा भाग यजमानांना वाचून दाखवला, ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मी उगाच बोलत होतो." थायरॉइडची तपासणी करून घेते आहे. एक व्यावहारिक प्रश्न: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वजन केले, तर दोन दिवसांत दीड किलो वाढलेले दिसले आणि सगळे सोडून द्यावेसे वाटले. अशा वेळी काय करावे?

मुळाकाठ

दोन दिवसांत दीड किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा अकरा-साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे कोणी खात नाही. गोड आणि पिठाचे पदार्थ खाल्ले, की शरीर साखरेचा साठा करते आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. चिवडा-चकलीच्या मिठाने आणखी पाणी थांबते. नेहमीचे जेवण सुरू झाले की चार-पाच दिवसांत त्यातले बहुतेक निघून जाते. मी सणाच्या आठवड्यात वजन करत नाही, त्या चौकोनात फक्त सणाचे नाव लिहिते. गणपतीत उकडीचे मोदक मी तीन खाते, वरून तूप घेऊन खाते, आणि त्यासाठी आदल्या दिवशी उपाशी राहत नाही. वजन सणाने वाढत नाही. सणाचे डबे पुढचे तीन आठवडे ओट्यावर उघडे राहिले म्हणून वाढते. उरलेला फराळ चौथ्या दिवशी बांधून कार्यालयात आणि सोसायटीच्या रखवालदारांकडे जातो.

पाळीबदल

सहा आठवड्यांनी लिहितो आहे. चहातली साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आली. रात्रपाळीला डबा नेतो, मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी. वजन एक किलोही उतरले नाही, पण तीन वर्षांत पहिल्यांदाच वाढलेही नाही. आता पुढे काय करू?

मुळाकाठ

पाळीबदल, आपण या धाग्याचे सर्वांत अवघड काम आधीच केले आहे. न वाढणे म्हणजेच टिकवणे. पुढचे दोन महिने नवे काही जोडू नका, जे चालू आहे तेच दिवसपाळीतही चालू राहते का, एवढेच पाहा. मटकीचा कंटाळा आला, तर मुगाला मोड आणून त्यात कच्चा कांदा आणि टोमॅटो घालून न्या, सोबत लिंबू ठेवा. फोडणीची गरज पडत नाही आणि पहाटे तीनपर्यंत डबा आंबतही नाही, फक्त लिंबू तिथे पोहोचल्यावर पिळा.